दिवा लागला म्हणजे संदेश जाईलच असं नाही

सॅटेलाइट मेसेंजर (मोबाइलची रेंज नसते तिथून उपग्रहामार्फत संदेश पाठवणारं छोटं यंत्र) घरात चालू केला, दिवा लागला, की झाली तपासणी, हा समज वर्षानुवर्षं फिरतोय. दिवा सांगतो ते फक्त बॅटरीत जीव आहे एवढंच. सबस्क्रिप्शन संपलेलं असलं तरी यंत्र दिमाखात चालू होतं. संदेश मात्र जात नाही. त्यामुळे ट्रेकला निघण्याआधी उघड्या आकाशाखाली, अँटेना वर करून घरच्यांना साधा संदेश पाठवा आणि त्यांचं उत्तर यंत्रावर येईपर्यंत थांबा. संदेश वाहून नेणारे इरिडियम कंपनीचे उपग्रह सुमारे ७८० किलोमीटर उंचीवरून सरकत असतात; दरीत, दाट झाडीत संदेश पोहोचायला काही मिनिटं जाऊ शकतात. आणि हो, एसओएसचं, म्हणजे संकटात मदत मागायचं, बटण ‘बघू तरी’ म्हणून दाबायचं नाही, पलीकडे खरी माणसं कामाला लागतात! थंडीत लिथियम बॅटरी लवकर मान टाकते, तेव्हा रात्री यंत्र स्लीपिंग बॅगमध्ये घ्या.