पार्श्वभूमी : त्रिनिदाद-टोबॅगोत जेवायचं कुठे, आणि 'रोटी' म्हणजे नक्की काय

कॅरिबियनमधल्या त्रिनिदाद बेटावर सुट्टीला गेलेला माणूस पहिल्याच सकाळी गोंधळतो. हॉटेलात टोस्ट, अंडी, पपई मांडलेली असते आणि बाहेर अख्खं शहर रस्त्याच्या कडेला उभं राहून, कागदावर वाकून, बोटं चाटत 'डबल्स' नावाचं काहीतरी खात असतं. बँकेतला साहेब, शाळेची पोरं, रात्रपाळी उरकून निघालेला पहारेकरी, सगळे एकाच रांगेत. टेबल नाही, मेन्यू नाही. कुठल्या रेस्टॉरंटात जावं हे प्रवासाची पुस्तकं सांगतात, पण या बेटावर आधी 'किती वाजता' ते विचारावं लागतं. दहा वाजता गेलात तर पातेलं रिकामं सापडायची शक्यता भरपूर. हे खाणं कामावर जाणाऱ्यांसाठी घडलं, पाहुण्यांसाठी कुणी मांडलेलं नाही.

उसाच्या मळ्यांसाठी भारतीय मजूर घेऊन येणारं पहिलं जहाज, 'फातेल रझाक', 30 मे 1845 ला लागलं. 1917 मध्ये गिरमिट, म्हणजे करारावर मजूर आणणं, थांबलं आणि मधल्या काळात भारतातून 1 लाख 40 हजारांहून अधिक माणसं आली. जहाजं प्रामुख्याने कलकत्त्याहून सुटली, थोडी मद्रासहून. कलकत्त्याला चढलेले बहुतेक मजूर भोजपुरी पट्ट्यातले, म्हणून तिथल्या स्वयंपाकघरातले शब्द भोजपुरी वळणाचे आहेत. जिऱ्याला 'गीरा', वांग्याच्या भरताला 'बैगन चोखा', भाजीला 'तलकारी'. कणकेच्या जागी मैदा आला, हरभराडाळीच्या जागी पिवळी वाटाणाडाळ. कोथिंबिरीचं काम काटेरी कडांच्या एका लांबट पानावर सोपवलं गेलं. त्याला ही मंडळी 'बंधनिया' म्हणतात, म्हणजे बन-धनिया, रानातली कोथिंबीर. बाजारात तेच पान 'शाडो बेनी' या नावाने विकलं जातं. मराठी माणसाला ओळखीचा धक्का बसतो तो 'सहीना' पाहून. पानांवर डाळीचं वाटण थापायचं, गुंडाळी करायची आणि तळायची. अळूवडीच ती, गूळ-चिंच वगळून. दक्षिणेकडच्या डेबे गावात रस्त्याकडेला ओळीने टपऱ्या आहेत, तिथे ती मिळते.

आता 'रोटी'. या एका शब्दाने जितके पाहुणे फसतात तितके तिथल्या मिरचीनेही फसत नसतील.

आपल्या डोक्यात रोटी म्हणजे ताटातली एक वस्तू, सोबत भाजी वेगळी. त्रिनिदादमध्ये 'रोटी' म्हणजे अख्खं जेवण: मोठ्या पातळ पोळीत रस्सा-भाजी घालून चौकोनी घडी घातलेलं, कागदात बांधलेलं पुडकं. रोटीच्या दुकानात 'एक रोटी' म्हटलं की उलट प्रश्न येतो, कशाची? चिकन, बोकड, कोलंबी, नाहीतर शाकाहाऱ्यांसाठी चणा-बटाटा. भाजीशिवाय नुसती पोळी हवी असेल तर 'स्किन' मागायची. ही स्किन बहुधा 'दालपुरी' असते आणि दालपुरी तळलेली नसते. वाटाणाडाळ शिजवायची, लसूण-जिऱ्याबरोबर कोरडी दळायची, गोळ्यात भरायची, लाटायची आणि तव्यावर तेल लावून भाजायची. पुरणपोळी करणाऱ्या कुठल्याही बाईला ही कृती समजावून सांगावी लागणार नाही. फक्त पुरण गोड नसतं आणि पोळी मोठ्या थाळीएवढी असते.

दुसरा प्रकार 'बस-अप-शट'. हा मुळात पराठाच. तव्यावरच 'दाबला' नावाच्या दोन लाकडी उलथन्यांनी तो आपटून, ठेचून त्याच्या चिंध्या करतात. नाव आलं 'बर्स्ट-अप शर्ट'वरून, म्हणजे फाटका शर्ट. गंमतीचं नाव आहे खरं, पण मला त्यात बाहेरून बघणाऱ्याची नजर दिसते. ज्याच्या घरी तो रोज होत होता त्याने पराठ्याला फाटका शर्ट म्हटलं असेल असं वाटत नाही. एके काळी शाळेत डब्यातली रोटी भारतीय वंशाची मुलं लपवून खायची, ती चेष्टेची गोष्ट होती, हे त्या पिढीच्या आठवणींत वारंवार येतं. आज तीच रोटी राष्ट्रीय खाणं म्हणून मिरवते आणि रांगेत सगळ्या वर्णांचे लोक असतात. अपमानाकडून अभिमानाकडे शब्द सरकला, पण त्या वाटेवर कुणी काय सोसलं याचा उल्लेख पर्यटन खात्याच्या पत्रकांत क्वचितच असतो.

तिसरी 'सादा रोटी'. जाडसर, फुगलेली, घरी सकाळी चोख्याबरोबर खायची. न्याहारीच्या जागी सापडते, दुपारी शोधून फायदा नाही.

डबल्सचं नावही असंच गुंतागुंतीचं आहे. दोन मऊ तळलेल्या पुऱ्या, त्यांना 'बारा' म्हणतात, मधोमध पातळसर चण्याचा रस्सा, वरून चिंच, काकडी, तिखट. एकच घेतलं तरी 'एक डबल्स'. 'एक डबल' म्हटलंत की परदेशी ठरलात. 'बारा' हा शब्द आपल्या वड्याचा सख्खा चुलतभाऊ. भोजपुरी पट्ट्यात तो उडदाच्या डाळीचा, इथे हळद घातलेल्या मैद्याचा झाला, नाव मात्र तेच राहिलं. जन्म 1930 च्या दशकातला, प्रिन्सेस टाउनचा, असं साधारण मानतात. आधी कागदाच्या पुडीत नुसते चणे विकले जायचे, मग त्याखाली एक बारा आला, मग गिऱ्हाइकं 'डबल कर' म्हणू लागली. ही कल्पना कुणाची, यावर एकाच नात्यागोत्यातल्या घरांत वाद आहे. तो मिटायची गरज आहे असंही नाही.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळाने या खाण्याला शहर दिलं. 1941 पासून अमेरिकी लष्करी तळ उभे राहिले, मजुरी वाढली, उसाच्या मळ्यातून माणसं बाहेर पडली आणि घराबाहेर खाऊ लागली. चागुआरामासचा किनारा लष्कराकडे गेल्यामुळे लोकांची पोहायची जागा बंद झाली. त्याची भरपाई म्हणून अमेरिकनांनी उत्तर किनाऱ्याचा डोंगरी रस्ता बांधून दिला. त्या रस्त्याच्या टोकाला माराकस बे, आणि माराकसला जाऊन 'बेक अँड शार्क' खाल्लं नाही तर सुट्टी पुरी झाली नाही असं समजतात. यातला 'बेक' म्हणजे पाव, आणि तो भाजलेला नसतो, तळलेला असतो. त्यात शार्क मासा घालतात. शार्क कमी होत चालल्याने पर्यावरणवादी नाराज आहेत. दुसरा मासा घातलेला बेकही मिळतो, तो मागावा.

त्रिनिदादमध्ये खनिज तेल निघतं, 1973 नंतर त्याचा पैसा आला. हे महत्त्वाचं, कारण त्यामुळे त्रिनिदादला पर्यटकांची तेवढी गरज उरली नाही. बाकीची बेटं हॉटेलं बांधत होती, राजधानी पोर्ट ऑफ स्पेन आपल्याच लोकांना खायला घालत होती. हे शहर मराठी घरांत पोहोचलं ते तिथे झालेल्या 1971 च्या क्रिकेट कसोटीमुळे. वेस्ट इंडीजवरचा भारताचा पहिला कसोटी विजय, आणि कर्णधार मुंबईचा अजित वाडेकर. त्या मैदानापासून सेंट जेम्सचा खाऊरस्ता फार लांब नाही. मध्यरात्रीनंतरही तो जागा असतो.

लोकांना डबल्सची किंमत कळली ती 2020 च्या एप्रिलमध्ये. कोरोनाच्या महासाथीत सरकारने रेस्टॉरंटांबरोबर रस्त्यावरच्या गाड्याही बंद केल्या, पार्सलसुद्धा नाही. मे महिन्यात परवानगी मिळाली तेव्हा लागलेल्या रांगा बातम्यांचा विषय झाल्या. पुढे 2021-22 मध्ये पिठाचे भाव दोनदा चढले. गहू सगळा आयातीचा, त्यामुळे बाराची किंमतही चढली, आणि त्यावरून झालेली चिडचिड अर्थसंकल्पावरच्या चिडचिडीपेक्षा कमी नव्हती.

देशाचं दुसरं बेट टोबॅगो, त्याची गोष्ट वेगळी. 1963 च्या 30 सप्टेंबरला फ्लोरा वादळाने तिथले कोको-नारळाचे मळे झोपवले आणि ते बेट हळूहळू पर्यटनाकडे वळलं. तिथेच अलीकडचा सगळ्यात कडवा वाद झाला. बक्कू भागात जमैकातल्या एका बड्या हॉटेल कंपनीला जागा द्यायची, तिने राहणं-खाणं-पिणं एकाच किमतीत असलेलं भलंमोठं संकुल उभारायचं, असा सरकारचा बेत होता. बाजूने बोलणारे विमानफेऱ्या, नोकऱ्या, परकीय चलन मोजत होते आणि ते मुद्दे पोकळ नव्हते. टोबॅगोत खाजगी नोकऱ्या खरंच कमी आहेत. विरोधकांनी प्रवाळ आणि खारफुटीचा प्रश्न काढला, करसवलती विचारल्या. सामंजस्य करार तर एका नागरिकाचा माहितीचा अर्ज न्यायालयात गेल्यावरच लोकांसमोर आला. जानेवारी 2019 मध्ये कंपनीने बदनामीचं कारण देत अंग काढून घेतलं. सरकारने टीकाकारांवर खापर फोडलं. करार लपवला नसता तर बदनामी कशाची झाली असती, हा प्रश्न मात्र बाजूलाच राहिला.

या वादात जेवणाची बाजू कमी बोलली गेली. पाहुण्याने तिन्ही वेळच्या जेवणाचे पैसे घरूनच भरले असतील तर तो फाटकाबाहेर भुकेला निघत नाही. स्टोअर बे हा विमानतळाला लागून असलेला किनारा आहे. तिथे बायकांनी चालवलेल्या खाद्यगाळ्यांची रांग आहे आणि प्रत्येकीचा गाळा 'मिस अमुक' म्हणून ओळखला जातो. त्यांचा धंदा अशा बाहेर पडणाऱ्या पाहुण्यांवर आणि सुट्टीला येणाऱ्या त्रिनिदादकरांवर चालतो. पदार्थ एकच सांगावा असा: खेकडा आणि डम्पलिंग. खेकडा नारळाच्या दुधातल्या कालवणात, त्याखाली मैद्याचे चपटे उकडलेले गोळे. टोबॅगोची वस्ती बहुतांश आफ्रिकी वंशाची, भारतीय मजूर तिथे फारसे गेलेच नाहीत, तरी कालवणात करी पावडर आहे. जेवणाच्या वेळी जावं, उन्हात थोडं थांबावं लागतं. प्लास्टिकचा काटा देतात, त्याचा उपयोग डम्पलिंगपुरताच. कवच दातांनी फोडायचं आणि हात धुवायला समोर समुद्र आहे.