क्रूझवरची फॉर्मल नाइट आली कुठून, आणि आता ती हवी का

क्रूझचं बुकिंग झालं की बॅग भरताना हा प्रश्न येतोच, फॉर्मल नाइटचं काय करायचं? आठवड्याच्या सफरीत साधारण दोन संध्याकाळी अशा असतात की मेन डायनिंग रूममध्ये पुरुषांनी सूट किंवा टक्सिडो (बो टायसकटचा काळा डिनर सूट) आणि बायकांनी गाऊन घालून यावं अशी अपेक्षा असते. पूर्वीइतकी सक्ती बहुतेक बोटींवर आता नाहीये, पण अपेक्षा आहे. काही जण म्हणतात सुट्टीवर आलोय, टाय कशाला, आणि काही जण म्हणतात हेही गेलं तर बोट आणि हॉटेल यात फरक काय उरला. दोन्हीकडची मंडळी एक गोष्ट मात्र धरूनच चालतात की ही क्रूझची जुनी परंपरा आहे, आणि माझं म्हणणं नेमकं इथे आहे. ही मुळात क्रूझची परंपरा नाहीच, ती फर्स्ट क्लासची सवय आहे आणि क्रूझला ती वारशात मिळाली.

सुरुवातीच्या आगबोटी फिरायला नव्हत्याच. क्युनार्ड या ब्रिटिश कंपनीची ब्रिटानिया बोट 1840 मध्ये लिव्हरपूलहून हॅलिफॅक्स आणि बोस्टनला निघाली ती टपालाच्या कंत्राटावर, प्रवासी बरोबरीने. पुढे बोटी मोठ्या झाल्या, आरामदायी झाल्या, आणि वरच्या वर्गात इंग्लंड-अमेरिकेतली श्रीमंत माणसं यायला लागली, त्यांच्या घरी रात्रीच्या जेवणाला कपडे बदलायची पद्धत होतीच, तीच ती बोटीवर घेऊन आली. खालच्या डेकवर स्थलांतरितांची गर्दी, त्यांना असला काही नियम लागू नव्हता आणि त्यांनी वरच्या डायनिंग सलूनमध्ये पाऊलही टाकायचं नव्हतं. म्हणजे कोण कुठे बसणार हे तिकिटावर ठरायचं आणि कपड्यांवरून दिसायचं.

आपल्या मुंबईचा या गोष्टीशी जवळचा संबंध आहे. 1869 मध्ये सुएझ कालवा सुरू झाल्यावर पी अँड ओ या ब्रिटिश कंपनीच्या बोटी इंग्लंडहून थेट तांबड्या समुद्रातून मुंबईला यायला लागल्या, एसी नाही, विजेचे पंखे नाहीत, आणि जेवायला मात्र पूर्ण पोशाख. शेवटी हवामानानेच नियम वाकवला, कोट बाजूला ठेवायचा, पांढरा शर्ट, काळी पँट आणि कमरेला कमरबंद, याला रेड सी रिग म्हणतात आणि तो पोशाख अजूनही चालतो. तो कमरबंदही हिंदुस्थानात आलेल्या इंग्रज अधिकाऱ्यांनी इथूनच उचललेला.

याच मार्गावरून 4 सप्टेंबर 1888 ला अठरा वर्षांचे गांधीजी मुंबईहून निघाले. त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय की काटे-चमचे कसे वापरायचे ते माहीत नव्हतं, कुठल्या पदार्थात मांस नाही ते विचारायचा धीर होत नव्हता, म्हणून टेबलावर न जाता केबिनमध्येच बरोबर आणलेली मिठाई आणि फळं खाऊन राहिले. बोटीवर काळा सूट घातला आणि पांढरा फ्लॅनेलचा सूट खास उतरताना घालायला जपून ठेवला, आणि इंग्लंडला उतरून बघतात तर सप्टेंबरअखेरीला पांढरे कपडे घातलेले ते एकटेच. हा प्रसंग वाचला की मला दरवेळी वाईट वाटतं, कारण आजही डायनिंग रूमच्या दारात आपले कपडे बरोबर आहेत ना म्हणून कुणीतरी कावराबावरा होऊन उभा असतोच. 1931 मध्ये गोलमेज परिषदेला जाताना तेच गांधीजी राजपुताना बोटीवर सेकंड क्लासने धोतरातच गेले.

अजून एक बाजू आहे जी या चर्चेत येतच नाही. या बोटींच्या डायनिंग सलूनमध्ये वाढणारे, स्वयंपाकघरात राबणारे हात मोठ्या प्रमाणावर गोव्याचे होते. डेकवर कोकणातली, काठियावाड-कच्छकडची माणसं, खाली इंजिनपाशी बरीचशी पंजाब आणि सरहद्दीकडची, आणि सलूनमध्ये गोवेकर स्टुअर्ड. दोन बोटींच्या मधल्या दिवसांत हे तारवटी, म्हणजे बोटीवरचे गोवेकर, मुंबईत धोबीतलावच्या आसपास आपापल्या गावाच्या कूडमध्ये, म्हणजे गावाने चालवलेल्या वसतिगृहात राहायचे, तिथे एकेक पेटी ठेवायला जागा, एकत्र प्रार्थना आणि पुढच्या बोटीची वाट. साहेबांच्या फॉर्मल डिनरची सगळी शिस्त, पांढराशुभ्र युनिफॉर्म, कडक इस्त्री, कुठला काटा कुठे, हे सगळं यांच्या जिवावर चालायचं. आजच्या क्रूझवर गोव्याची, मुंबईची किती मुलंमुली काम करतात ते बघितलं तर ही साखळी तुटलेली नाही हे लक्षात येतं.

आता खरी क्रूझ कुठे सुरू झाली तर जर्मनीत. हॅम्बुर्ग अमेरिका लाइनचे आल्बर्ट बालिन यांच्यापुढे प्रश्न होता की हिवाळ्यात उत्तर अटलांटिकवर प्रवासी मिळत नाहीत आणि एवढी महागडी बोट बंदरात नुसती उभी राहते, म्हणून त्यांनी जानेवारी 1891 मध्ये ऑगुस्टा व्हिक्टोरिया भूमध्य समुद्रात फिरायला पाठवली, 241 प्रवासी, जवळपास दोन महिने. प्रयोग चालला आणि 1900 मध्ये खास क्रूझसाठीच बांधलेली प्रिन्सेसिन व्हिक्टोरिया लुइझा आली. तिच्यात 120 केबिन, आणि सगळ्या फर्स्ट क्लासच्या. सगळी मेख इथे आहे. क्रूझवर फक्त फर्स्ट क्लासचीच माणसं असल्यामुळे फर्स्ट क्लासचा नियम हाच सगळ्या बोटीचा नियम झाला.

त्यानंतरची तीसपस्तीस वर्षं म्हणजे या थाटाचा कळस. टायटॅनिकवर जेवणाची वेळ झाल्याचं बिगुल वाजवून सांगायचे. 1935 च्या फ्रेंच नॉर्मंडीचं फर्स्ट क्लास डायनिंग रूम सुमारे 93 मीटर लांब, 700 माणसं एका वेळी बसतील एवढं, खिडकी एकही नाही, सगळा उजेड फ्रेंच काचकार लालिकच्या काचेच्या खांबांतून आणि झुंबरांतून, आणि आत यायला वरून खाली उतरणारा जिना. तो जिना मुद्दामच तसा होता, बायका गाऊनमध्ये सावकाश उतरणार आणि सगळं सभागृह बघणार. एक सवलत मात्र तेव्हाही होती, पहिल्या आणि शेवटच्या रात्री कपडे बदलायची अपेक्षा नसायची, कारण पहिल्या दिवशी ट्रंका उघडलेल्या नसत आणि शेवटच्या दिवशी त्या भरून झालेल्या असत. आजही फॉर्मल नाइट सहसा पहिल्या रात्री ठेवत नाहीत.

मग जेट विमान आलं. ऑक्टोबर 1958 मध्ये अटलांटिकवर जेटसेवा सुरू झाली आणि पुढच्या दहाएक वर्षांत लायनरचा, म्हणजे ठरलेल्या मार्गावर प्रवासी नेणाऱ्या मोठ्या बोटींचा, धंदाच बसला. कंपन्या बंद पडल्या किंवा क्रूझकडे वळल्या. 1966 मध्ये मायामीहून सनवर्ड ही क्रूझ बोट निघाली, 1972 मध्ये कार्निव्हल कंपनी आली आणि ‘फन शिप’ म्हणत तिने मध्यमवर्गीय अमेरिकनांना बोलावलं. नोकरदार कुटुंबं कॅरिबियनला हाफपँटमध्ये यायला लागली, पण बोटींच्या वेळापत्रकातला जुना थाट काही सुटला नाही, फक्त तो रोजचा न राहता आठवड्यातून दोनदाचा झाला. कॅप्टनची कॉकटेल पार्टी, शॅम्पेन ग्लासांचा मनोरा, जिन्याजवळ उभे असलेले फोटोग्राफर, आणि ते फोटो दुसऱ्या दिवशी विकायला. 1977 पासून लव्ह बोट मालिकेने तर हे चित्र घराघरात नेलं. मला वाटतं या लोकांसाठी फॉर्मल नाइटचा अर्थच बदलला, आजोबा ज्या बोटीच्या खालच्या डेकवरून अमेरिकेत आले त्या बोटीच्या वरच्या मजल्यावरचं आयुष्य नातवाला एक रात्र जगायला मिळत होतं, आणि त्यात चुकीचं काहीच नाही.

याला मोठा धक्का 2000 मध्ये बसला आणि त्यात आशियाचा हात आहे. स्टार क्रूझेस या आशियातल्या कंपनीने त्या वर्षी नॉर्वेजियन क्रूझ लाइन ताब्यात घेतली. स्टारच्या इकडच्या बोटींवर बरीच रेस्टॉरंट आणि हवं तेव्हा जेवायची पद्धत आधीपासून होती, नॉर्वेजियनने त्याच वर्षी फ्रीस्टाइल क्रूझिंग आणलं, ठरलेलं टेबल नाही, ठरलेली वेळ नाही, सक्तीचा सूट नाही. एकदा ठरलेलं टेबल गेलं की सगळ्यांनी एकाच रात्री एकसारखं नटण्याचा आधारच जातो. त्यात 2008 पासून अमेरिकन विमान कंपन्या पहिल्या बॅगेचेही पैसे घ्यायला लागल्या, मग एका रात्रीसाठी सूट आणि बूट कोण वाहून नेणार. सेलेब्रिटी क्रूझेस या कंपनीने ‘इव्हिनिंग शिक’ आणलं, हॉलंड अमेरिका या कंपनीने ‘ड्रेसी नाइट’, नीटनेटकं असावं पण सूटची सक्ती नाही इतपत. व्हर्जिन व्हॉयेजेस या क्रूझ कंपनीला 2021 मध्ये सुरुवात झाली तीच ड्रेस कोडशिवाय, पण तिथे एक स्कार्लेट नाइट असते आणि लोक हौसेने लाल कपडे घालून येतात! म्हणजे नटायला कुणाची ना नाही, जबरदस्ती नको असते.

म्हणून मला क्युनार्डची आत्ताची पद्धत सगळ्यात पटते. क्वीन मेरी 2 साउदॅम्प्टनहून न्यूयॉर्कला जाते तेव्हा मध्ये एकही बंदर नाही, आठवडाभर नुसतं पाणी, अशा वेळी गाला इव्हिनिंगला खरंच अर्थ असतो, दिवसभर चालून चालून कुणी दमलेलं नसतं आणि संध्याकाळची वाट बघावीशी वाटते. ज्यांना नटायचं नाही त्यांच्यासाठी बुफे, पब आणि अजून एकदोन जागा मोकळ्या ठेवलेल्या असतात. याउलट रोज एक बंदर असलेल्या भूमध्य समुद्राच्या सफरीत रोमचं दर्शन करून सहाला बोटीवर परतलेल्या माणसाला सूट चढवायला लावणं मला अन्यायाचं वाटतं, तिथे हा प्रकार बंद झाला तरी चालेल.

आणि आपल्या लोकांसाठी एक कामाची गोष्ट, क्युनार्डच्या नियमात फॉर्मल राष्ट्रीय पोशाख चालतो, त्यामुळे पैठणी किंवा बंदगळा असेल तर भाड्याने टक्सिडो घ्यायची किंवा नवीन गाऊन शिवायची काही गरज नाही. बाकी कंपन्यांवरही चांगल्या साडीला कुणी अडवल्याचं मी ऐकलेलं नाही. निघायच्या आधी आपल्या बोटीचा ड्रेस कोड आणि किती दिवस समुद्रावर आहेत ते वेळापत्रकात बघून घ्या, दोनपेक्षा कमी सी डे असतील तर सूट घरीच ठेवा.