रियाज (वाद्यवादनाचा)

वाद्य शिकताना नेमलेल्या वेळी, नेमका पाठ घेऊन केलेला नियमित सराव म्हणजे रियाज. भजनात किंवा कार्यक्रमात वाजवणे वेगळे, हे खान्देशात मुद्दाम सांगावे लागते. कारण जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत वाजवायला निमित्तांची वाण नाही. भजनी मंडळे, हरिनाम सप्ताह, लग्नसराईतले बॅण्ड, वहीगायन या खान्देशी लोकगायनाचा डफ, सातपुड्यातल्या होळीचे ढोल. सप्ताहात रात्रभर पखवाज धरणाऱ्या पोराचा हात सहसा दमत नाही, ठेकाही हलत नाही. पण कच्च्या जागेसाठी भजन थांबत नाही. निसटलेला बोल (वाद्यावर हाताने काढायचे अक्षर) टाळांच्या गजरात झाकला जातो आणि तसाच हातात बसतो.

रियाजाचे काम तिथे सुरू होते. तबल्यावरचा ‘धाधा तिट धाधा तूना, ताता तिट धाधा धीना’ हा कायदा, म्हणजे विस्तार करत वाजवायची ठरलेली बोलरचना, बहुतेकांना लवकर पाठ होतो. अडते ते ‘तिट’मध्ये. दुगुणीत, म्हणजे दुप्पट गतीत, ‘ट’ गिळला जातो. अशा वेळी अख्खा कायदा पुन्हा पुन्हा दामटण्यात अर्थ नसतो. नुसते ‘तिट’ ठाय (संथ) लयीत, दोन्ही अक्षरे सारख्या वजनाने येईपर्यंत वाजवावे; मग मागे ‘धाधा’ जोडावे, मग पुढचे. लय सर्वांत शेवटी वाढवावी आणि बोल पुसट झाला की लगेच उतरवावी. हार्मोनियमवर हीच अडचण बोटे बदलताना येते. पांढरी एक ही पट्टी सा धरून सा, रे, ग झाल्यावर मध्यमासाठी (म) अंगठा खालून आणताना भाता दचकतो व सूर तुटतो. तेवढेच चार सूर घोटावेत.

किती तास, हा प्रश्न शिष्यांपेक्षा पालकच जास्त विचारतात. मानसशास्त्रज्ञ अँडर्स एरिक्सन आणि सहकाऱ्यांनी 1993 मध्ये बर्लिनच्या व्हायोलिन विद्यार्थ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातूनच पुढे ‘10,000 तासांच्या सरावाने प्रावीण्य येते’ असा बोलबाला झाला. तो आकडा मुळात सर्वोत्तम गटाची विसाव्या वर्षापर्यंतची सरासरी होती, उत्तीर्ण होण्याची अट नव्हे. हे विद्यार्थी टप्प्याटप्प्याने, मध्ये विश्रांती घेऊन सराव करत, ही त्यातली कामाची गोष्ट मात्र कुणी सांगत नाही. नवशिक्याला रोजची वीस-पंचवीस मिनिटे रविवारच्या तीन तासांहून जास्त लाभतात.

अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक ते अलंकार या परीक्षांमुळे अभ्यासाला चौकट मिळते. मात्र परीक्षेच्या तोंडावरच वाद्याची खोळ काढणारेही कमी नाहीत. त्यांचे पाठांतर होते, हात तयार होत नाही.

वेळ ठरवताना खान्देशात उन्हाचा विचार सुटत नाही. एप्रिल-मे महिन्यांत जळगाव-भुसावळकडे पारा 45 अंशांच्या आसपास जातो; दुपारची बैठक निभत नाही, म्हणून पहाट किंवा रात्रीचे जेवण झाल्यावरची वेळ बरी. शेतीच्या घरात कापूस वेचणीच्या दिवसांत वेळापत्रक कोलमडतेच. तेव्हा पाठ लहान करावा, पण बैठक मोडू नये. कोरड्या हवेत चामडे ताणले जाऊन तबल्याचा स्वर चढतो, पावसाळ्यात उतरतो. त्यामुळे बसल्याबरोबर हातोडीने गट्टे (वादीखालचे लाकडी ठोकळे) वर-खाली करून स्वर जुळवणे हाही रियाजातलाच भाग असून, तो शिष्याने स्वतः करायचा असतो.