जळगाव जामोद आपल्या जळगाव जिल्ह्यात नाही

‘जळगाव जामोद हा जळगाव जिल्ह्याचाच तालुका’ असं खानदेशात सर्रास बोललं जातं. ते चूक आहे. ते गाव जुन्या वऱ्हाडातलं. आज बुलढाणा जिल्हा, अमरावती विभाग. आपलं जळगाव पूर्व खानदेशाचं मुख्य ठाणं. १९६० मध्ये जिल्ह्यालाही तेच नाव मिळालं, आणि घोळ वाढला.

सातबारा ऑनलाइन काढताना जळगाव जिल्हा निवडला, तर जळगाव जामोदचा गट सापडणारच नाही. जन्मदाखला तिथली नगरपरिषद देते. आपल्याकडे २००३ पासून महानगरपालिका आहे. टपालाला पिनकोड नीट बघा: आपला ४२५००१, त्यांचा ४४३४०२. रेल्वेने जाणाऱ्यांनी जळगाव स्टेशनला उतरूच नये. भुसावळ ओलांडून नांदुऱ्याला उतरावं, पुढे रस्त्याने जावं.