दुधाने कफ होतो की कफ झाल्यासारखं वाटतं?

सर्दी म्हणजे काय हे सांगत बसत नाही. विषाणू शिरतो, नाक गळतं, आठवडाभरात उतार पडतो. गाईचं की म्हशीचं हा वादही बाजूला ठेवू. तासगावची द्राक्षं बाजारात येतात तेव्हाच हवा बदलते आणि घसा धरला की आळ द्राक्षांवर, हा ‘नंतर’ आणि ‘मुळे’चा घोळ आता बऱ्याच जणांना कळतो. मला वैताग येतो तो दुधावरून.

सांगलीत आमच्या घरी कुणी शिंकलं की आत्याचं फर्मान निघतं, “दूध बंद. कफ होतो.” आणि रात्री तीच आत्या हळद घातलेलं दूध घेऊन हजर, पेल्याच्या काठाला पिवळी साय. हळदीच्या पेठेत राहून हळदीला नाही म्हणायची कुणाची छाती! पण त्यातलं दूध कुठे गेलं, असं विचारलं की, “ते वेगळं.”

कफ होणं म्हणजे नाकातला, छातीतला स्राव खरोखर वाढणं. तो मोजता येतो. कफ वाटणं म्हणजे घसा चिकट होणं, सारखं खाकरावंसं वाटणं. ते माणसाला विचारूनच कळतं. दूध लाळेत मिसळलं की घशात थोडा वेळ दाटसर थर राहतो. तो कफ नव्हे.

१९९० साली प्रसिद्ध झालेला ऑस्ट्रेलियातला एक अभ्यास मला यासाठीच आवडतो. धडधाकट माणसांना मुद्दाम सर्दीचा विषाणू दिला आणि ५१ जणांच्या १० दिवसांच्या नोंदी ठेवल्या: दूध किती प्यायलं, त्रास काय झाला. शिवाय नाक पुसलेले कागदी रुमाल गोळा करून तोलले, कोऱ्या रुमालांचं वजन वजा केलं. काम किळसवाणं, पण तराजूला समजुती नसतात. कुणी दूध अजिबात घेत नव्हतं, कुणी दिवसाला ११ ग्लास. जास्त दूध पिणाऱ्यांचे रुमाल काही जास्त जड भरले नाहीत. दुधाने कफ होतो असं मानणाऱ्यांनी खोकल्याची, चोंदलेल्या नाकाची तक्रार मात्र जास्त केली. स्राव त्यांचाही इतरांइतकाच. नुसती प्रश्नावली वाटली असती, तर मनातली समजूतच निष्कर्ष म्हणून छापून आली असती.

मग वाटणं खोटं का? नाही. १९९३ च्या प्रयोगात कोको-पेपरमिंटच्या चवीआड काहींना गाईचं दूध दिलं, काहींना सोयाचं पेय. घसा चिकटल्याचं, लाळ दाट झाल्याचं सोयावाल्यांनीही तितकंच सांगितलं.

आता दुसऱ्या टोकाचे लोक, ‘दूध निर्दोष, विज्ञानाने सिद्ध’ असं फिरवणारे. तेही तितकेच चुकतात. ती ५१ माणसं प्रौढ आणि निरोगी होती. किती दूध प्यायचं हे ज्याच्या त्याच्या मर्जीवर होतं, चिठ्ठ्या टाकून गट पाडले नव्हते. दमा असलेल्या पोराच्या आईला त्यावरून छातीठोक काही सांगता येत नाही.

घशाला चिकट वाटतं म्हणून सर्दीत दूध टाळायचं असेल तर खुशाल टाळावं. फक्त ‘कफ झाला’ म्हणू नये, एवढीच माझी विनंती. आत्याला हे सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “त्यांना हळद घालून दिलं होतं का?”

प्रश्न रास्त आहे.