‘नॉटिंग हिल मिस्टरी’ आणि ‘पहिली’ या शब्दाचा गुंता

‘द नॉटिंग हिल मिस्टरी’ या इंग्रजी डिटेक्टिव्ह कादंबरीचा लेखक सापडला तो २०११ साली. एका अमेरिकी अभ्यासकाच्या हाती मँचेस्टरच्या वृत्तपत्रातली मे १८६४ची साहित्यवार्ता लागली. चार्ल्स फेलिक्स या टोपणनावाची ‘व्हेल्व्हेट लॉन’ ही कादंबरी ज्या प्रकाशनसंस्थेकडून येणार होती, तिचा कारभार एकहाती सांभाळणारे चार्ल्स वॉरन अॅडम्स हेच फेलिक्स, असं तीत चक्क छापलेलं होतं. जवळपास दीडशे वर्षं ती ओळ तशीच पडून राहिली. अॅडम्स यांचं नाव उरलं होतं ते भलत्याच कारणासाठी: इंग्लंडच्या सरन्यायाधीशांच्या मुलीशी जुळलेल्या नात्यावरून १८८४मध्ये गाजलेल्या बदनामीच्या खटल्यापुरतं.

कादंबरी नोव्हेंबर १८६२पासून एका लंडनच्या साप्ताहिकात आठ भागांत, निनावी आली. पुस्तक निघालं १८६५मध्ये, याच चार्ल्स फेलिक्स नावाने.

आता वादाचा मुद्दा. ‘इंग्रजीतली पहिली डिटेक्टिव्ह कादंबरी’ हा मान बराच काळ १८६८च्या ‘द मूनस्टोन’ला दिला जाई. १९७२मध्ये एका समीक्षकाने तो ‘नॉटिंग हिल’ला दिला. हरकत घेणारे १८६०-६१मधल्या एका लेखिकेची कादंबरी पुढे करतात. तिच्यात मुका पोलिस डिटेक्टिव्ह आहे. ‘नॉटिंग हिल’मध्ये तर पोलिस तपास नाहीच, विमा कंपन्यांसाठी चौकशी करणारा एक माणूस आहे. मराठीत ही अडचण आणखी वाढते, कारण ‘गुप्तहेर’ म्हटलं की वेष पालटणारा, पाठलाग करणारा नायक समोर येतो. हा माणूस टेबलाशी बसून कागद लावतो.

पण कसोटी पात्राचा हुद्दा नसावी, पुस्तकाची बांधणी असावी. एका बॅरनने पत्नीचा प्रत्येकी ५,००० पौंडांचा, असा पाच ठिकाणी विमा उतरवलेला. ती झोपेत चालत त्याच्या प्रयोगशाळेत जाते आणि आम्ल पिऊन मरते. पुढे पत्रं, नोकरचाकरांचे जबाब, रासायनिक तपासणीचा अहवाल, घटनास्थळाचा नकाशा. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत तपासाखेरीज दुसरं काही नाही. त्या लेखिकेच्या कादंबरीत तपास हा कथेचा एक धागा आहे. इथे तपास हीच कथा आहे. म्हणून मला १९७२चा निर्णय योग्य वाटतो.

संमोहनावर टेकलेला उलगडा आज पटत नाही, हे खरं. तरीही कागदपत्रं वाचकापुढे मांडून ‘हा गुन्हा सिद्ध करता येईल का’ असा प्रश्न शेवटी उघडा ठेवणं १८६०च्या दशकात फार धाडसाचं होतं.