एका ठोक्यात धातूचं काय होतं?

नाशिकच्या तांबट आळीत मठारकाम चालू असेल, तर दोन मिनिटं थांबून नुसता ठोका बघावा. हातोडी तांब्यावर टेकते आणि पापणी लवायच्या आत उठते. मागे राहतो चकचकीत ठसा. तेवढ्यात धातू दबला, सरकला, किंचित तापलाही.

चाचणी घेताना मात्र आपण धातूला भरपूर सवड देतो. सातपूर-अंबडच्या कारखान्यांतला नमुना यूटीएमवर, म्हणजे धातू ताणून-दाबून तपासणाऱ्या यंत्रावर, लावला की सावकाश ताणला जातो. तुटायला काही मिनिटं लागतात. साधं एमएस (माइल्ड स्टील, म्हणजे मऊ पोलाद) सुमारे २५० मेगापास्कल ताणाला कायमचं वाकू लागतं. पण महामार्गावर गाडी आदळते, तेव्हा पत्र्याला मिळतात काही मिलिसेकंद. तिथे हा आकडा पुरत नाही. ५ मिलिमीटर जाडीचा तुकडा सेकंदाला ५ मीटर वेगाने दाबला, तर तेच पोलाद जवळपास दुप्पट ताण सोसतं.

असं का होतं? धातूच्या स्फटिकांत अणूंच्या रांगा कुठे कुठे विस्कटलेल्या असतात. धातू वाकतो तो या विस्कटलेल्या रेषा पुढे सरकल्यामुळे. वाटेत अडथळा आला की अणूंची उष्णतेमुळे होणारी थरथर त्यांना पलीकडे जायला मदत करते, पण त्याला वेळ लागतो. वेळ नसेल तर सगळा भार जोरावरच पडतो.

हे मोजायची युक्ती मला फार आवडते. बर्ट्रम हॉपकिन्सन यांनी १९१४ मध्ये धक्का मोजायला पोलादी दांडा वापरला; १९४९ मध्ये हर्बर्ट कोल्स्की यांनी दांड्याचे दोन भाग करून मधे नमुना ठेवला. हवेच्या दाबाने सोडलेला छोटा दांडा पहिल्या दांड्यावर आदळतो आणि ताणाची लाट सेकंदाला सुमारे ५,००० मीटर वेगाने धावते. नमुन्यापाशी काही लाट मागे फिरते, काही पलीकडे जाते. दांड्यांवर चिकटवलेले स्ट्रेन गेज, म्हणजे दांडा किती ताणला-दबला ते मोजणाऱ्या पट्ट्या, दोन्ही टिपतात. आदळणारा दांडा ३० सेंटिमीटरचा असेल, तर धक्का टिकतो जेमतेम १२० मायक्रोसेकंद!

त्यात आणखी एक गुंता आहे. दबताना तयार झालेली उष्णता बाहेर पडायला सवड नसते, म्हणून नमुना आतून तापतो आणि मऊ पडू लागतो. वेग त्याला कणखर करतो, उष्णता ढिला. शिवाय प्रत्येक धातूचा स्वभाव वेगळा: अ‍ॅल्युमिनियमच्या बऱ्याच मिश्रधातूंना वेगाचा फारसा फरकच पडत नाही.

म्हणून टेस्ट सर्टिफिकेटवर ताणाच्या आकड्याशेजारी मला आणखी एक रकाना हवासा वाटतो: नमुना किती वेगाने ताणला?